दुसरा हंगाम

घरांत पहिली गोष्ट झाली म्हणजे तिचें कौतुक होतें आणि दुसरी झाली म्हणजे तिचा हिशेब मागितला जातो, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. मुलाच्या पहिल्या लेखाचें कात्रण वडील मंडळी पाकिटांत घालून चार घरीं दाखवितात. दुसरा लेख छापून आला कीं, 'ह्यांतून मिळतें काय?' हा प्रश्न त्याच तोंडांतून निघतो. सुनेनें परसांत बाग लावली तर पहिल्या वर्षीं घरचे सर्व लोक तीस पाणी घालतात. दुसऱ्या वर्षीं ती बाग एकट्या सुनेची होते. ह्यांत कोणाचा दुष्टपणा असतो असें नाहीं. पहिली कृति ही हौस समजली जाते, आणि हौस एकदां फिटली कीं संपली, असा आपला सार्वत्रिक समज आहे. दुसरी कृति मात्र घरास असें सुचविते कीं ही नुसती हौस नव्हे, कांहीं वेगळेंच आहे. आणि म्हणूनच ती घरास खुपते.

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं ह्याच जातीचा एक प्रश्न उपस्थित झाला. तो ज्या वस्तूवरून झाला ती वस्तु आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची नसेल. परवांपर्यंत ती आमच्याही नव्हती. परंतु प्रश्न जुनाच आहे, आणि त्याचें एक उत्तर आम्ही चाळीस वर्षांपूर्वीं देऊन बसलों आहों. म्हणून हा लेख.

आमचें घर भंडाऱ्यास, जुन्या वस्तींतलें, दुमजली. खालीं आम्ही, आमची पत्नी आणि धाकटी भावजय; माडीवर पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांची पांच वर्षांची मुलगी. धाकटे बंधु २०११ सालीं गेले. त्यांचा हा एकुलता एक मुलगा. शिक्षणानें अभियंता, नोकरी पुण्याच्या एका कंपनींत, पण काम घरीं बसून संगणकावर. शनिवार-रविवारीं तो नागपुरास जातो. तेथें त्याचा चार मित्रांचा वाद्यवृंद आहे. लग्नसमारंभांत आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत लोकांच्या फर्माइशीचीं गाणीं ते वाजवितात, आणि त्याबद्दल चार पैसेही मिळतात. ह्या वाद्यवृंदास घरचा आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो दुसऱ्याच उद्योगास. ह्या चौघांपैकीं दोघांनीं आपल्या मनचें, कोणी न मागितलेलें संगीत रचण्यासाठीं एक निराळा संसार थाटला आहे. त्यास ते 'साइड प्रोजेक्ट' म्हणतात. जोडधंदा म्हणावें तर त्यांत धंदा नाहीं. आम्ही त्यास आडउद्योग म्हणतों. तीन वर्षांपूर्वीं ह्या आडउद्योगाचा पहिला 'अल्बम', म्हणजे नऊ गीतांचा संच, निघाला. घरीं पेढे वांटले गेले. आम्हीं स्वतः चष्मा लावून मुखपृष्ठावरचें पुतण्याचें नांव शेजाऱ्यांस मोठ्यानें वाचून दाखविलें. संच ऐकला मात्र नाहीं, हें येथेंच कबूल केलेलें बरें.

आतां दुसरा संच काढावयाचा होता. त्यासाठीं दोन महिन्यांची बिनपगारी रजा, दीड लाख रुपये, आणि माडीवरच्या मागच्या खोलीच्या भिंतींस आवाज अडविण्यासाठीं गाद्या ठोकण्याची परवानगी, अशा तीन गोष्टी पुढें आल्या. रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर बैठक बसली. आमच्या पत्नीनें प्रथम तोंड उघडलें. "अरे, एक झालें ना काढून? हौस झाली. आतां पोरीच्या शाळेकडे बघ." सूनबाई शिक्षिका आहे, दोन महिने घराचा तो भाग तिच्याच पगारावर चालावयाचा होता. तरी ती म्हणाली, "माझी हरकत नाहीं." भावजय कांहींच बोलली नाहीं. मग सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें, कारण घराचें वडीलपण आमच्याकडे. 'एकदां झालें, पुरे,' हें वाक्य आमच्या अगदीं ओठांवर आलें होतें. तें उच्चारतांना जीभ अडखळली. हेंच वाक्य, ह्याच ओसरीवर, आम्हीं पूर्वीं एकदां उच्चारलें होतें. तें कोणास, तें पुढें सांगूं. त्या रात्रीं आम्ही एवढेंच म्हणालों, "उद्यां आम्हांस हें ऐकव. न ऐकतां निकाल देणें बरें नव्हे."

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही माडी चढलों. आमचा पहिला प्रश्न शब्दाचा. ह्या संगीतास 'मेटल' म्हणतात, आणि त्यांतही पुतण्याचा पंथ 'प्रोग्रेसिव्ह पॉवर मेटल'. मेटल म्हणजे धातु, इतकें इंग्रजी आम्हांस येतें. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास हा शब्द दोन वाटांनीं भेटतो. एक धातु तांब्या-पितळेचा; दुसरा पाणिनीच्या धातुपाठांतला, ज्यांत सुमारें दोन हजार क्रियामूलें दहा गणांत लावलीं आहेत. दोन्हींचें मूळ 'धा' ह्या एकाच क्रियापदांत, आणि त्याचा अर्थ ठेवणें, धारण करणें. जो धारण करतो, भार वाहतो, तो धातु. शिवाय आम्ही पडलों भंडाऱ्याचे. पितळेच्या भांड्यांसाठीं हें गांव नांवाजलेलें. स्टीलनें पितळेस फडताळांतून घालवून दिलें, तरी ठोक्यांचा तो आवाज आमच्या कानांत अजून आहे. तेव्हां धातूच्या आवाजास भिण्याचें आम्हांस कारण नव्हतें.

पुतण्यानें सांगितलेली हकीकत ऐकून तर आम्हांस हें संगीत थोडें आपलेंच वाटूं लागलें. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथें टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा तरुण पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. वाद्यवृंदासाठीं नोकरी सोडण्याचा त्याचा तो शेवटचा दिवस. त्याच दिवशीं यंत्रांत सांपडून उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गेलीं. तो डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें बनविलीं, हलक्या तारा चढविल्या, पुढें त्या सैल केल्या. तार सैल झाली तसा स्वर खालीं उतरला आणि जड झाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' ह्या वृंदाचा पहिला संच १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाला, आणि ह्या पंथाची वंशावळ बहुधा तेथून मांडतात. विजेच्या गिटारीचा स्वर ध्वनिवर्धकाच्या शक्तीबाहेर लोटला म्हणजे लहरीचीं टोकें छाटलीं जातात, आणि त्या छाटणीनें मूळ स्वरांत नसलेले उपस्वर उत्पन्न होऊन एकच तार दहा तारांसारखी भरदार वाजते, हें पुतण्यानें कागदावर लहर काढून दाखविलें. लग्नाच्या मांडवांतला कर्णा फाटला कीं ज्यास आम्ही दोष म्हणत होतों, त्याचा ह्या लोकांनीं अलंकार केला आहे.

ह्या वृक्षास पुढें अनेक शाखा फुटल्या. पैकीं 'पॉवर मेटल' ह्या शाखेस जर्मनींत हॅम्बुर्गच्या 'हॅलोवीन' ह्या वृंदानें रूप दिलें. 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' ह्या नांवाचे त्यांचे दोन संच १९८७ आणि १९८८ सालीं निघाले. गति अतिद्रुत, गळा तारसप्तकांत, पण चाल मात्र ठसठशीत आणि गुणगुणतां येण्याजोगी. विषय शोध, प्रतिज्ञा आणि लढाया. नाट्यशास्त्राच्या भाषेंत हा सरळ वीररस, आणि वीराचा स्थायी भाव उत्साह. 'प्रोग्रेसिव्ह' हें विशेषण लागलें कीं लय वांकडी होते: सात मात्रांचें आवर्तन, मग पांचांचें, मग नऊंचें. तिकडे ह्याचें अप्रूप, कारण त्यांचें चालू संगीत बहुधा चारांच्या घरांत राहतें. ज्यास रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा ठाऊक आहेत त्यानें गोंधळून जाऊं नये. आम्ही मांडीवर टाळी देत बसलों, आणि पुतण्याच्या तिसऱ्या गीतांत समेवर नेमके आलों. तो उडालाच. "काका, आमच्या ड्रमवाल्याला ही जागा महिनाभर जमत नव्हती!" ही आत्मस्तुति वाचकांनीं पोटांत घालावी.

त्यानंतर आम्हीं त्यास विचारलें, "तुमच्या ह्या जगांत कोणाच्या आडउद्योगाचा दुसरा संच नांवाजला आहे काय?" त्यानें लगेच टोबियास सामेट ह्याचें नांव घेतलें. जर्मनींतील फुल्डा गांवचा हा मुलगा. १९९२ सालीं शाळेंत असतांनाच त्यानें सोबत्यांसह 'एडगाय' नांवाचा वृंद काढला. १९९९ सालीं त्या वृंदाबरोबर गांवोगांव फिरत असतांना त्याच्या डोक्यांत एक संगीत नाटक घोळूं लागलें. तें वृंदाच्या मापांत बसेना, म्हणून त्यानें 'अव्हांटेशिया' हा आडउद्योग मांडला. पहिला संच २००१ सालीं, दुसरा २००२ सालीं. नाटकांत जसें प्रत्येक पात्रास निराळा नट, तसा येथें प्रत्येक पात्रास निराळा गायक. ज्या हॅलोवीनच्या संगीतावर सामेट वाढला त्याच वृंदाचा जुना गायक मायकेल किस्के ह्यास त्यानें एका वृद्ध ज्ञात्याचें पात्र दिलें. किस्के तोंवर ह्या पंथापासून दूर झालेला; पहिल्या संचावर त्याचें नांवही टोपणनांवानें छापलें आहे.

कथा १६०२ सालची, माइन्त्स शहरांतली. गब्रिएल हा तरुण मठवासी. चेटकिणी हुडकून काढणाऱ्यांचा शिष्य. एके दिवशीं चेटकीण म्हणून पकडून आणलेली स्त्री त्याचीच सावत्र बहीण आना निघते. तो निषिद्ध ग्रंथ उघडतो, स्वतः कैदेंत पडतो, आणि त्या वृद्धाच्या सांगण्यावरून एका अद्भुत लोकाच्या प्रवासास लागतो. पण पहिला संच संपतो तेव्हां बहीण कैदेंतच असते. तिची सुटका होते ती दुसऱ्या संचांत. पुतण्या सहज बोलून गेला, "काका, पहिल्यावर सगळ्यांनीं पुरे म्हटलें असतें तर आना अजून आंतच असती." आम्ही कांहीं बोललों नाहीं, परंतु वाक्य मनांत राहिलें.

ह्या हकीकतीचा उत्तरार्धही घरोघरच्या वडिलांनीं ऐकण्याजोगा आहे. दुसऱ्या संचानें नाटक पुरें झालें. तरी २००८ सालीं अव्हांटेशियाचा तिसरा संच निघाला आणि मग ते निघतच राहिले. उलट एडगायकडून २०१७ नंतर नवें कांहीं आलें नाहीं. आडवाट म्हणून काढलेली पाऊलवाट हमरस्ता झाली आणि हमरस्त्यावर गवत उगवलें. कोणता उद्योग मुख्य आणि कोणता आड, हें आरंभीं कोणास सांगतां येतें?

"हें परदेशचें झालें," आम्ही म्हणालों. "आपल्याकडे?" तेव्हां त्यानें मुंबईचा दाखला दिला. मुंबईंत ह्या जातीच्या संगीतास श्रोते नव्हते असें नाहीं. धोबी तलावाजवळच्या रंगभवनांत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव वर्षानुवर्षें भरत असे. त्याच शहरांत २००० सालीं श्री. साहिल मखिजा ह्यांनीं 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा वृंद स्थापिला. ही शाखा पॉवर मेटलहून पुष्कळ उग्र; गळ्यांतून गाणें कमी आणि गर्जना अधिक. हेच गृहस्थ 'हेडबँगर्स किचन' ह्या नांवानें पाककृतींचा कार्यक्रमही चालवितात, हें ऐकून आमच्या पत्नीचा अर्धा विरोध तेथेंच गळाला. राक्षसासारखा ओरडणारा मनुष्य फोडणी जळूं देत नाहीं, ही गोष्ट तिला फार विचार करण्यासारखी वाटली.

ह्या वृंदानें २०१७ सालीं 'दशावतार' नांवाचा संच काढला. दहा गीतें, दहा अवतार. मत्स्यापासून कल्कीपर्यंत, आठवा कृष्ण आणि नववा बुद्ध. आमचे कान टवकारले. बाराव्या शतकांत जयदेवानें गीतगोविंदाच्या आरंभीं हेच दहा मांडले, त्यांत कृष्णाच्या जागीं बलराम घातला आणि बुद्धास नववा ठेविला. कोकणांत दशावतारी नाटकें रात्र रात्र चालतात. तेव्हां विषय परका नव्हता. परका होता तो आवाज. सर्व दहा गीतें आम्हांस आवडलीं असें लिहिणें खोटें होईल. शब्द कळत नाहींत, ढोलाच्या माऱ्यापुढें विचार टिकत नाहीं, आणि तीन गीतांनंतर आम्हीं पाणी मागितलें. परंतु नरसिंहाचें गीत लागलें तेव्हां एक गोष्ट उमगली. भरतानें आठ रस सांगितले. त्यांत रौद्र आहे, भयानक आहे, बीभत्सही आहे. आपल्या घरांनीं मात्र करुण आणि शृंगार तेवढे दिवाणखान्यांत घेतले, आणि उरलेल्यांस उंबऱ्याबाहेर उभें केलें. खांब फोडून निघालेल्या नरसिंहानें भीमपलासींत आलाप घ्यावा, अशी अपेक्षा तरी आपण कां करावी?

परंतु आमच्या प्रश्नाशीं अधिक जवळचा आहे तो ह्याच गृहस्थांचा आडउद्योग. 'डीमनस्टीलर' ह्या नांवानें ते एकट्याचे संच काढतात. पहिला २००८ सालीं निघाला. दुसरा निघण्यास आठ वर्षें लागलीं. तो २०१६ सालचा, आणि त्याचें नांव 'धिस बर्डन इज माइन'. मराठींत सांगावयाचें तर, 'हें ओझें माझें'. गीतें ऐकण्यापूर्वीं आम्ही ह्या नांवाशींच थांबलों. धातु म्हणजे धारण करणारा, हें आम्हीं वर लिहिलेंच आहे; धातूच्या संगीताच्या संचास ह्याहून यथार्थ नांव कोणी दिलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. पहिल्या कृतीचें ओझें सर्वांचें असतें. कौतुक करणारे तें उचलूं लागतात. दुसऱ्या कृतीचें ओझें ज्याचें त्याचें.

तरी येथें एक मौज आहे. 'हें ओझें माझें' म्हणणाऱ्या ह्या संचांत सर्वांत कष्टाचें काम, म्हणजे ढोल, दुसऱ्याच्या अंगावर आहे. जॉर्ज कोलियास नांवाचा ग्रीस देशाचा वादक. अमेरिकेच्या 'नाइल' ह्या वृंदाचा. दोन पायांखालीं दोन खटके घेऊन मिनिटाला अडीचशेंहून अधिक गतीनें तो वाजवितो अशी त्याची ख्याति आहे. मुंबईचा मनुष्य ओझें आपलें म्हणतो, आणि सातासमुद्रांपलीकडचा एक त्याच्याखालीं खांदा देतो. ह्यांत विसंगति नाहीं. ओझें आपलें आहे असें जो स्पष्ट म्हणतो त्यासच दुसऱ्याचा खांदा मागण्याचा अधिकार असतो. पुतण्यानें ओसरीवर जें मागितलें होतें तें ह्याहून निराळें नव्हतें.

आतां तें जुनें वाक्य.

आमच्या पूर्व विदर्भास झाडीपट्टी म्हणतात: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास धान कापून झालें कीं येथें नाटकांचा हंगाम लागतो आणि तो होळीपर्यंत चालतो. गांवांत शंकरपट भरला कीं रात्रीं नाटक ठरलेलें. उघड्या मैदानांत मंडप, आणि पहाटेपर्यंत चालणारा खेळ. ह्या रंगभूमीवरील कामगिरीसाठीं गडचिरोलीच्या श्री. परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. नट, गायक आणि वादक ह्यांपैकीं पुष्कळ जण आठ महिने शेती करणारे. म्हणजे आडउद्योग ही कल्पना आमच्या मुलखास जर्मनींतून येण्याची गरज नव्हती.

१९८३ सालच्या दिवाळीनंतर आमचा धाकटा भाऊ अशा एका मंडळीबरोबर पेटी वाजवावयास गेला. वडील नुकतेच वारले होते. आम्ही पंचविशीच्या आंतले, शाळेंत नवीनच लागलेले, आणि घराचे कर्ते. एक हंगाम जाऊं दिला. हौस आहे, फिटूं दे, असें आम्ही म्हणालों. होळीस तो परतला तो काळवंडून, बारीक होऊन, आणि आमच्या पाहण्यांत पहिल्यानेंच मोकळा हंसत. पुढच्या दिवाळींत मंडळीचा मालक स्वतः दारीं आला. ओसरीच्या खालच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "गुरुजी, भावाचा हात लय गोड हाये जी. यंदाबी धाडा ना." आम्हीं सांगितलें, "एकदां झालें, पुरे." भाऊ दाराआड उभा होता. त्यानें कांहींही वाद घातला नाहीं. त्याच आठवड्यांत पेटी फडक्यांत गुंडाळून माळ्यावर गेली, आणि वर्षाच्या आंत आम्हीं त्यास एका कार्यालयांत कारकून म्हणून चिकटविलें.

लोकांस आम्ही कारण सांगत असूं तें नोकरीचें आणि प्रतिष्ठेचें. आज ह्या वयांत खरें लिहावें. पहिल्या हंगामांत आसपासच्या गांवांत आम्हांस कोणी गुरुजी म्हणून ओळखीनासे झाले होते. 'पेटीवाल्याचे भाऊ' म्हणूं लागले होते. तें आम्हांस झोंबलें होतें. शिवाय, त्या मंडळीचें एकही नाटक आम्हीं पाहिलें नव्हतें. आम्हीं न ऐकतां निकाल दिला.

भाऊ सव्वीस वर्षें चोख नोकरी करून गेला. गणपतीच्या आरतीस कोणी पेटीचा आग्रह केला तर, "बोटें बसलीं आतां," म्हणून हंसून टाळी. आम्ही समजत होतों कीं हौस फिटली. माडीवरून खालीं आल्यावर त्या रात्रीं आम्हीं भावजयीस विचारलें, "तूं काल कांहींच बोलली नाहींस." ती ताटें पुसत होती. म्हणाली, "काय बोलूं? ह्यांचीं जेवतांना बोटें ताटाच्या कांठावर चालत. लग्न झालें तेव्हांपासून शेवटपर्यंत. मीं एकदां विचारलें तर म्हणाले, संवय आहे. मग पुन्हां विचारलें नाहीं." पंचवीस वर्षें एकाच पंक्तीला बसून आम्हांस तें दिसलें नव्हतें.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणतील, अशा भावनेच्या भरांत प्रत्येक मुलाच्या प्रत्येक छंदास रजा आणि दीड लाख द्यावे काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. संसार कवितेवर चालत नाहीं, आणि दुसरी कृति पहिलीहून चांगलीच निघते असाही नियम नाहीं. पुष्कळदां ती वाईट निघते. परंतु पहिली कृति कुतूहलानेंही होते, ईर्ष्येनेंही होते, मित्रांच्या भरीसही होते. कौतुक ओसरल्यावर, श्रोते तीनशेंच आहेत हें कळल्यावर, आणि किती कष्ट पडतात तें डोळ्यांनीं पाहिल्यावर जो पुन्हां त्याच कामास बसतो, त्याची ती हौस नव्हे. तो त्याचा धर्म असण्याचा संभव आहे. अशा मनुष्यास नकार देण्याचा वडिलांस अधिकार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. नकार देण्यापूर्वीं माडी चढून ऐकावें, एवढेंच म्हणतों. आवडलें पाहिजे असा आग्रह नाहीं. ऐकलें पाहिजे.

आमच्या घरचा निकाल असा झाला. दीड लाखांपैकीं पाऊण लाख पुतण्याच्या बचतींतले, पाऊण लाख आमच्या टपाल कचेरींतल्या ठेवींतून. दान नव्हे, उसने, वर्षभरांत फेडीच्या बोलीनें. रजा दोन महिन्यांचीच. मुलीस शाळेंत पोंचविणें आणि सायंकाळीं तिचा अभ्यास घेणें ही कामें रजेंतही त्याचींच. सूनबाईच्या होकारावर दुसरें ओझें लादूं नये. रात्रीं दहानंतर वाद्य बंद, कारण खालीं म्हातारी माणसें आहेत. गाद्या जुन्या वापराव्या. त्या आमच्या पत्नीनें स्वतः काढून दिल्या, आणि वर, "पाककृतींचा तो कार्यक्रम कसा लावायचा तें आधीं दाखव," अशी अट घातली.

दुसरा संच अजून पुरा झालेला नाहीं. सायंकाळीं माडीवरून सातांचें आवर्तन ऐकूं येतें. कधीं चुकतें, कधीं जुळतें. तो चांगला निघेल कीं वाईट, हें आम्हांस सांगतां येत नाहीं, आणि तो आमच्या निकालाचा विषयही नव्हे.

माळ्यावरची पेटी खालीं काढविली. भात्यास कसर लागली आहे आणि तीन स्वर मुके झाले आहेत. ती दुरुस्तीस नागपुरास दिली आहे. परत आल्यावर ती कोणीं वाजवावी, हें आम्ही ठरविणार नाहीं.